कोटाची पाठ

तीर्थपुरीच्या बस स्टँडसमोर कचरू टेलरचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा दुकानाची पाटी मोठी होती. वरच्या ओळीत 'समता टेलर्स', खालच्या ओळीत 'शर्ट, पायजमे, शाळेचे गणवेश'. एवढ्यावर पाटी संपायला हरकत नव्हती. पण पेंटरकडे लाल रंग उरला होता आणि पाटीवर जागा उरली होती, म्हणून त्याने कुणाला न विचारता 'कोट स्पेशालिस्ट' असं लिहून टाकलं आणि दोन्ही बाजूंना एकेक गुलाब काढला. कचरूने गुलाबांबद्दल हरकत घेतली, कोटाबद्दल घेतली नाही. त्याला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षांत कोट शिवायला कुणी फिरकलं नाही. तीर्थपुरीत कोट एकटे तलाठी घालत, आणि तोही त्यांना सासऱ्याने दिलेला होता.

१९७४ साली, वैशाख लागता लागता, संपत आला. संपत हा कचरूच्याच वस्तीतल्या साळूबाईचा मुलगा, केदारखेड्याच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलेला. सोबत त्याचे घनसावंगीचे मामा, अप्पाराव. संपतने कागदात गुंडाळलेलं गडद निळं टेरीवूलचं कापड मशीनवर ठेवलं आणि सांगितलं, "काका, पौर्णिमेला लग्न हाय. कोट शिवायचाय. पाटी वाचली म्हणून आलो, न्हाईतर जालन्यालाच टाकणार होतो."

चौदा वर्षं मुकी असलेली पाटी बोलली आणि कचरूची बोलती बंद झाली.

खरं म्हणजे त्याने तिथेच सांगून टाकायला हवं होतं, की बाबा रे, मला कोट येत नाही. जालन्याच्या सदर बाजारात ज्या उस्तादांकडे तो काम शिकला, त्यांनी त्याला शर्ट शिकवला, पायजमा शिकवला, काज करायला शिकवलं, आणि कोटाचं विचारलं की म्हणायचे, "कोट अगले साल." पुढच्या साली उस्ताद मुलाकडे हैदराबादला निघून गेले. जाताना एक वाक्य देऊन गेले, "कैंची चली सो चली मियाँ, वापस नै आती." कचरूकडे कोटाविषयीचं ज्ञान म्हणून जे होतं ते एवढंच.

पण अप्पाराव मामांनी घोटाळा केला. दुकानात नजर फिरवत त्यांनी विचारलं, की शिवलेला एखादा कोट दाखवायला आहे का. आणि कचरूच्या तोंडून निघून गेलं, की सगळे कोट गिऱ्हाइकं घेऊन गेली.

"सगळे," मामा म्हणाले. "बराबर. मंग पौर्णिमेला बघू."

कचरूच्या आधीची दोन भावंडं दगावली होती. म्हणून आईने त्याला जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं आणि नाव कचरू ठेवलं, म्हणजे यमाची नजर पडू नये. यमाची पडली नाही, काळजीची पडली. नवा शर्ट गिऱ्हाइकाला दिला की तो आठवडी बाजारात त्या शर्टाच्या मागे मागे फिरायचा. माणसाने वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला की याचा श्वास अडकायचा, बगलेत उसवतं की काय. शर्टापायी ही अवस्था, आणि हा तर कोट होता. त्यात वस्तीतला पहिला. ज्या वस्तीला एके काळी नवं कापड अंगावर घालून गावातून जायची चोरी होती, तिथला मुलगा कोट घालून लग्नाला उभा राहणार होता. साळूबाई दुकानासमोरून जाताना आत मशीनकडे बघून हसायची. ते हसणं कचरूला रात्री झोपू देत नसे. कापडही नेमकं एका कोटापुरतंच होतं. चुकीला वीतभर जागा नव्हती.

कसा कोट हवा, तेही संपतने पक्कं सांगितलं होतं. बाजारतळावर टुरिंग टॉकीजचा तंबू पडला होता, आणि त्यात हेरगिरीचा एक सिनेमा लागला होता. सिनेमाचं नाव लांबलचक होतं, म्हणून गाव त्याला 'बॉम्बाचा शिनेमा' म्हणायचं. त्यातल्या हिरोचा आहे तसा कोट. बिलकुल तसाच. गुरुवारपर्यंत सिनेमा आहे, बघून घ्या, असं सांगून आणि माप देऊन संपत पत्रिका वाटायला निघून गेला.

घरी आल्यावर कचरूने आधी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवला, काच पुसली आणि टेप हातात घेऊन समोर बसला. कॉलर कशी वळते, खांदा कुठे बसतो, बटणं किती, सगळं त्याने फोटोला न टेकता हवेतल्या हवेत मोजलं. बायको कौसल्या चुलीपुढून उठून आली आणि विचारू लागली, की हे काय करून राह्यले.

"माप घेतोय."

"बाबासाहेबांचं?"

पुढची बाजू कचरूला आता बरीचशी उमगली होती. अडचण निराळीच होती. कोटाला मागे फट असते, एवढं त्याने ऐकलं होतं. पण एक असते की दोन, मध्ये असते की बाजूला, आणि किती लांब? त्याने नकळत फ्रेम उलटी करून पाहिली. मागे पुठ्ठा होता, चार खिळे होते. मोठ्या माणसाचा पाठीकडून फोटो कुणी काढत नाही, हे त्याच्या त्या दिवशी ध्यानात आलं. पाठ दिसायची तर ती सिनेमातच. हिरो सारखा पळत असतो, आणि पळणाऱ्याची पाठ दिसतेच.

सोमवारी तो पहिल्या खेळाला जाऊन बसला. खिशात टेप. सिनेमा सुरू झाला. एक सोन्याच्या दाताचा दुष्ट माणूस फिरत्या खुर्चीत बसून धरण उडवायचा बेत करत होता. त्याच्या बंगल्यात भिंत सरकायची, जमीन सरकायची, माशांच्या टाकीमागे जिना होता. एक नाचणारी बाई होती, आणि तिच्या अंबाड्यात नकाशा होता. हिरो पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा कचरूने त्याचा कोट पाहिला, हे खरं. पण तेवढ्यात कुणीतरी झुंबराची दोरी कापली. त्यानंतरचे दोन तास कचरू टेलर तंबूत नव्हताच. तिथे होता तो मांडी मोडून गुडघ्यांवर बसलेला एक चाळिशीचा पोरगा, जो हिरोला पडद्याबाहेरून धोक्याच्या सूचना देत होता. मागं बघ, मागं बघ. दरीवरून जाणाऱ्या दोराच्या पाळण्यात हाणामारी सुरू झाली तेव्हा त्याने शेजारच्याचा दंड धरला तो सोडलाच नाही. शेजाऱ्याचीही तक्रार नव्हती, कारण त्याने पुढच्याची मान धरली होती. बॉम्बाचं घड्याळ टिकटिक करत शेवटच्या मिनिटावर आलं, हिरोने तांबडी तार कापायची की निळी याचा विचार केला, आणि अख्ख्या तीर्थपुरीने एका आवाजात सांगितलं, निळी.

घरी आल्यावर त्याने कौसल्येला सगळी गोष्ट सांगितली. खुर्ची कशी फिरते ते पाटावर बसून फिरून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की मागं फटी किती.

कचरू पाटावरून उठला तो सरळ अंथरुणावर जाऊन पडला.

मंगळवारी तो तयारीने गेला. रुमालाला तीन गाठी मारल्या. एक फटीची, एक बाहीवरच्या बटणांची, एक लांबीची. काहीही झालं तरी गाठ चाचपायची आणि पाठ बघायची. झुंबर त्याने निर्धाराने सोसलं. पहिल्यांदा रीळ बदलताना दिवे लागले तेव्हा तो गाठ धरून बसला होता. मग भिंत सरकली. आज त्याला माहीत होतं, की भिंतीमागे कोण आहे, आणि ते माहीत असताना पाहण्यात कालच्यापेक्षा दुप्पट मजा होती. आजूबाजूच्यांना तो आधीच सांगत होता, की आता बघा, आता बघा. घरी आला तेव्हा रुमालाला चार गाठी होत्या. चौथी कधी मारली ते त्याला आठवत नव्हतं.

बुधवारी दिवसाउजेडी त्याने तंबू गाठला. तंबूबाहेरच्या फळीवर सिनेमातल्या प्रसंगांचे फोटो चिकटवलेले होते. चित्र हलत नसेल तर आपणही हलणार नाही, असा त्याचा हिशेब. सगळ्या फोटोंत हिरो छाती पुढे करून उभा. पाठ एकाही फोटोत नव्हती. पण एका फोटोला टेप लावताना त्याला गवसलं ते भलतंच होतं. हिरोच्या कोटाची डावी बाजू, बगलेखाली, उजवीपेक्षा फुगीर होती. त्याने पुन्हा मोजलं. दुसऱ्या फोटोत मोजलं. तिथेही डावीकडे फुगवटा. हिरोचा शिंपी मोठा, त्याची चूक असणं शक्य नाही. म्हणजे ही कोटाची खुबी होती, उस्तादांनी 'अगले साल' म्हणून लपवून ठेवलेली. हृदय डावीकडे असतं, तिथे हवा खेळायला पाहिजे, अशी त्याची त्याने समजूतही घातली. माणसाच्या मापाने हिशेब केला तर तीन बोटं ढील निघत होती. चार दिवसांत पहिल्यांदा कचरूला बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत ते टिकलं. मग फट आठवली.

गुरुवारी शेवटचा खेळ. त्याने कौसल्येला सोबत घेतलं. तिला सिनेमाचा शौक नाही, ती डाळ निवडतानाही खडा सोडत नाही, ती बरोबर पाठ बघेल. तंबूत बायकांची बाजू निराळी, मध्ये कनात. आत जाताना त्याने तिला पुन्हा बजावलं, की तू गोष्टीकडं बघू नको, गोष्ट मी सांगितली आहेच, तू फक्त मागं फटी किती ते बघ. ती म्हणाली, एवढं काय त्यात.

खेळ सुरू झाल्यावर कचरू निर्धास्त होता, कारण जोखीम आता कनातीपलीकडे होती. त्याने सिनेमा मन लावून पाहिला. अंबाड्यातल्या नकाशाच्या वेळी पलीकडून एका बाईचा आवाज आला, की अगं बाई, पदर घे डोक्यावर, दिसून राह्यलाय नकाशा. आवाज ओळखीचा होता. त्याने स्वतःला सांगितलं, की नाही, ती असणार नाही.

बाहेर आल्यावर कौसल्येचे डोळे चमकत होते. बाजारतळ ओलांडेपर्यंत तिने त्याला बोलू दिलं नाही. त्या सोन्याच्या दातवाल्याला खुर्चीसकट तळघरात पाडलं हे बरं झालं, पण आधी त्या नाचणारीला सोडवायला पाहिजे होतं, आणि निळी तार तिला आधीच कळली होती. घराच्या दारात आल्यावर कचरूने भीत भीत विचारलं.

कौसल्येने कडी काढली, परत लावली.

"फट व्हय?" ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तंबू उठला. कचरूने गाव पालथं घातलं. चक्कीवाला, पानवाला, स्टँडवरचे हमाल, गुळाच्या बाजारातली माणसं, ज्याने ज्याने सिनेमा पाहिला त्याला त्याने आडून आडून विचारलं, की हिरो पळताना मागून कसा दिसतो. उघड विचारायची सोय नव्हती. कोट स्पेशालिस्टच कोटाची चौकशी करून राह्यला, हे मामांच्या कानावर गेलं असतं. चक्कीवाला म्हणाला, हिरो जोरात पळतो. पानवाला म्हणाला, तो पळतच न्हाई, त्या दातवाल्याचे लोक पळतात. एका हमालाने तर हिरो कोट घालतो का, असाच उलटा प्रश्न केला. सगळ्या गावाने ती पाठ आठवडाभर पाहिली होती आणि एकालाही ती दिसली नव्हती. सिनेमाच तेवढा चांगला होता.

शनिवारी पहाटे कचरूने कापड पसरलं, खडूने रेघा मारल्या आणि कात्री हातात घेऊन अर्धा तास उभा राहिला. कौसल्येने चहा दिला, तो निवला. शेवटी त्याने डोळे मिटले नाहीत एवढंच, बाकी विहिरीत उडी मारावी तशी कात्री घातली. डावीकडे तीन बोटं ढील. मागे मधोमध एक फट, पण कच्च्या टाक्यांनी वरवर बंद केलेली. फट पाहिजे असली तर आहे, नको असली तर नाही. आपल्या कामात एवढी लबाडी त्याने कधी केली नव्हती.

रविवारी संध्याकाळी तो कोट घेऊन साळूबाईकडे गेला तेव्हा संपत हळदीने पिवळा होऊन बसला होता. साळूबाईने त्याला कोटाला हात लावू दिला नाही, डाग पडेल म्हणून. म्हणजे घालून बघणंही झालं नाही. कोट खुंटीवर लटकला, आणि कचरू घरी येऊन आढ्याकडे बघत पडला.

सोमवारी सकाळी दहाचं लग्न. वैशाखाचं ऊन, मांडवात माणसं टॉवेलने वारा घेत होती. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, पुढे मेणबत्त्या. संपत कोट घालून आला आणि मांडवातली कुजबुज थांबली. साळूबाईने पदर तोंडाला लावला. कचरू एका खांबाच्या आड उभा होता, अशा जागी, की जिथून संपतची पाठ दिसेल. सिनेमात तीन वेळा जमलं नाही, ते आज त्याने बिनचूक केलं. पाठ सोडून दुसरं काही पाहिलंच नाही.

वंदनेला संपत गुडघे टेकून पुढे वाकला. टर्र. कचरूने खांब धरला. कच्चे टाके सुटले होते, फट सरळ उघडली होती, कापड शाबूत होतं. कुणी वळूनही पाहिलं नाही. कचरूचा श्वास निम्मा परत आला, आणि तेवढ्यात संपत उठून लोकांकडे तोंड करून उभा राहिला.

निम्मा आलेला श्वास पुन्हा गेला. खुंटीवर जे कळलं नव्हतं ते अंगावर कळत होतं. उजवी बाजू चापून बसली होती. डावी बाजू कोंबडी लपवून आणल्यासारखी फुगली होती. संपत मुळात काडीसारखा, त्यात ती तीन बोटं. गाथा चालू असताना कचरूला एक शब्द ऐकू आला नाही. लग्न लागलं, फुलं पडली, बरीचशी कोटाच्या डाव्या बाजूत जाऊन बसली.

अप्पाराव मामा भाच्याला भेटायला पुढे झाले, एक पाऊल मागे सरले, आणि त्यांनी मान तिरकी करून पाहिलं. मग मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"टेलर मास्तर, इकडं या जरा. आमचा भाचा एका बाजूनं सुजलाय का काय?"

कचरू खांबाआडून निघाला. पाच-सहा पावलांचं अंतर, पण त्याला ते घनसावंगीपर्यंतचं वाटलं. लोक वळून बघत होते. साळूबाई बघत होती. आता सांगून टाकायचं, त्याने ठरवलं. पाटी, उस्ताद, फोटो, सगळं सांगायचं आणि कोट उसवून द्यायचा. त्याने तोंड उघडलं.

संपतने खाली पाहिलं. कुतूहलाने उजवा हात कोटात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर कापूर पेटावा तसा उजेड पडला.

"मामा," तो म्हणाला, "पिस्तुलाची जागा हाय ती."

कचरूच्या डोळ्यांपुढून दोराचा पाळणा सरकला, हिरोचा उजवा हात डाव्या बगलेत गेला आणि पिस्तूल घेऊन बाहेर आला. हे त्याने तीन वेळा पाहिलं होतं. दोनदा टाळ्या वाजवल्या होत्या, एकदा शीळ मारली होती. पण शीळ मारणारा कचरू आणि फोटोला टेप लावणारा कचरू यांची गाठ त्या मांडवात पहिल्यांदा पडली.

संपतने डोळे बारीक केले, गर्दीकडे एक नजर टाकली आणि झटक्यात हात बाहेर काढला. हातात कंगवा होता. शाळेतल्या त्याच्या सोबत्यांनी जी आरोळी ठोकली तिने मेणबत्त्या विझायला आल्या. चक्कीवाला मागून सांगत होता, की शिनेमात बराबर असंच हाय, आपण सोता बघितलं. पानवाला म्हणाला, फटसुद्धा तशीच. नवरीने खाली घातलेली मान वर करून कंगव्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली, पण हसू तिला लपवता आलं नाही.

मामांनी कोटाच्या डाव्या बाजूत स्वतःचा हात घालून पाहिला, चार पाकळ्या बाहेर काढल्या आणि काही न बोलता जेवणाच्या पंगतीकडे वळले. मामांकडून याहून मोठी शाबासकी घनसावंगीतही कुणाला मिळाली नव्हती.

संपत कचरूच्या पाया पडायला वाकला तेव्हा हळूच म्हणाला, "काका, म्या तर सांगितलं बी नव्हतं. तुमी नजरेनं हेरलं."

कचरूने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. खरं बोलायची ही शेवटची संधी होती, आणि त्याने ती घेतली नाही. मागे नवरी पाया पडायला थांबली होती म्हणून घेता आली नाही, असं तो पुढे म्हणायचा.

आठवड्यात तीन जण कोटाची चौकशी करून गेले. तिघांनाही जागा हवी होती. त्यांतला एक डावखुरा होता, त्याला ती उजवीकडे हवी होती. पण फटीचं कचरूला अजूनही माहीत नव्हतं, आणि पानवाल्याची साक्ष काही खरी नव्हती. तंबू आता घनसावंगीला लागल्याची खबर होती, खेळ तोच होता. शुक्रवारी दुपारी त्याने दुकानाची फळी लावली, टेप खिशात टाकला आणि स्टँडवर गेला. कौसल्या आधीच तिथे उभी होती, नवं लुगडं नेसून.

गाडीत बसल्यावर तिने विषय काढला.

"या टायमाला पाठ तुमी बघा," ती म्हणाली. "मी बॉम्ब बघते."